कॉलेज फुटबॉलमध्ये डी-लाइन कोच होणं: रोजचं काम, पायऱ्या आणि पगार

टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मुलगा डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीवर खेळणाऱ्या, कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळतो, डिफेन्सिव्ह टॅकल म्हणून (संरक्षणाच्या पुढच्या रांगेतला मधला खेळाडू). मे महिन्यात अर्थशास्त्राची पदवी हातात येईल, पण तो नोकरी शोधायला तयार नाही. त्याला कोचिंगमध्ये जायचंय, आणि तेही डी-लाइन, म्हणजे संरक्षणाच्या पुढच्या रांगेचा, कोच म्हणूनच. यात करिअर आहे का, पोट भरतं का, आणि आपलं मराठी आडनाव आड येईल का, असं त्यांनी विचारलंय. लहान कॉलेजांत मी डी-लाइन सांभाळली आहे आणि मोठ्या कॉलेजांत ॲनालिस्ट म्हणून रात्र रात्र फिल्म पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करिअर आहे. सुरुवातीची बरीच वर्षं पैसा नाही, नंतर जमलं तर भरपूर आहे, आणि नोकरीची शाश्वती कुठल्याच टप्प्यावर नाही. मुलं या कामात शिकवण्याच्या ओढीने येतात. पण वरच्या पातळीवर पगार ठरतो तो तुम्ही कोणाला कॉलेजात आणू शकता यावर. शिकवणं आवडतं आणि फोनवर बोलणं सोसतं, अशा माणसानेच या वाटेला जावं. फक्त पहिलं जमत असेल तर हायस्कूल कोचिंग चांगलं. टेक्सासमध्ये तर त्याला मानही आहे आणि बरा पगारही.

आधी काम काय असतं ते सांगतो, कारण टीव्हीवर ते दिसत नाही. कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो. डी-लाइनची लढाई मात्र बॉल सुटल्यावर पहिल्या सेकंदातच बहुतेक निकालात निघते. जमिनीला हात टेकून उभी असलेली ती तीन किंवा चार माणसं कुठे उभी आहेत, यालाच आम्ही टेक्निक म्हणतो आणि आकड्यांनी ओळखतो. समोर आक्रमणाच्या रांगेत मधोमध बॉल सोडणारा सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटरच्या बरोबर समोर शून्य. गार्डच्या समोर दोन, त्याच्या बाहेरच्या खांद्यावर तीन. टॅकलच्या समोर चार, बाहेरच्या खांद्यावर पाच. सम आकडा म्हणजे समोरासमोर, विषम म्हणजे खांद्यावर सरकून. ही पद्धत तुमच्याच टेक्सासच्या बम फिलिप्स यांच्या नावावर सांगतात, आणि बेअर ब्रायंट यांनी ती उचलल्यावर ती सगळीकडे पसरली. मुलाला विचारा, तो थ्री-टेक्निक खेळतो की नोज (सेंटरसमोरचा)? त्यावरून पुढे कोणता कोच त्याला आपल्या रूममध्ये, म्हणजे आपल्या गटात, घेईल याचा थोडा अंदाज येतो. थ्री-टेक्निकवाले घुसायला शिकलेले असतात, नोजवाले जागा धरायला, आणि शिकवतानाही हा स्वभाव सुटत नाही.

शिकवण्याच्या गोष्टी तशा मोजक्या आहेत, पण त्या हजारो वेळा शिकवाव्या लागतात. कान बंद, डोळे बॉलवर. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे खेळ चालवून बॉल फेकणाऱ्याच्या, आवाजावर उडी मारणारा पोरगा ऑफसाइडमध्ये पाच यार्ड घालवतो आणि कोचची झोपही. पहिलं पाऊल लहान, साधारण सहा इंचाचं, कारण मोठं पाऊल टाकलं की एक पाय हवेत असतानाच समोरचा धडकतो. हात आधी पोचले पाहिजेत, आतल्या बाजूने, अंगठे वर. खांदे समोरच्यापेक्षा खाली. आमच्याकडे तालमीत वस्ताद जसा मल्लाच्या कंबरेकडे आणि पंजांकडे बघत बसतो, चेहऱ्याकडे बघतच नाही, तसंच डी-लाइन कोचचं असतं. उगाच नाही अमेरिकेतले डी-लाइन कोच हायस्कूलमध्ये कुस्ती खेळलेली पोरं शोधत फिरतात. ज्याला समोरच्याचं वजन हातांनी वाचता येतं, त्याला क्लब, रिप, स्विम हे डाव शिकवायला वेळ लागत नाही.

उंची आणि वजन यांचा गवगवा फार होतो. ॲरन डोनल्ड सहा फूट एक इंचाचा. डिफेन्सिव्ह टॅकल म्हणून लहानच म्हणायचा. पिट्सबर्गला 2013 मध्ये त्याने लाइनच्या मागे साडेअठ्ठावीस टॅकल केले (इथे टॅकल म्हणजे बॉल घेतलेल्याला पाडणं, दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा) आणि त्या वर्षी आउटलँड, लोंबार्डी, नागुर्स्की, बेडनारिक सगळे पुरस्कार त्याच्याकडे गेले. उलट बाजूला जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस, साडेतीनशे पाउंडांच्या आसपासचा डोंगर. 2021 च्या हंगामात त्याचे टॅकल मोजले तर एखाद्या बॅकअप लाइनबॅकरएवढे (डी-लाइनच्या मागे उभा राहणारा) भरतील, तरी आउटलँड आणि बेडनारिक त्यालाच मिळाले. कारण तो दोन ब्लॉकर अडवून धरायचा आणि मागचे लाइनबॅकर मोकळे धावायचे. ही गोष्ट पोराच्या आईबापांना पटवणं, आणि त्याहून म्हणजे पोराला पटवणं, हा डी-लाइन कोचच्या कामाचा मोठा भाग आहे. डबल टीम, म्हणजे एकाच वेळी दोन ब्लॉकर, झेलणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी कुठेही छापून येत नाही. म्हणून आम्ही आमची वेगळी गुणपत्रिका ठेवतो.

ती रविवारी तयार होते. शनिवारी सामना, रविवारी सकाळपासून फिल्म. प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक स्नॅपला (बॉल एकदा सुटला की एक स्नॅप) गुण: नेमून दिलेलं काम केलं का, तंत्र बरोबर होतं का, शेवटपर्यंत पळाला का. एका सामन्यात संरक्षणाला साठ-सत्तर स्नॅप सहज खेळावे लागतात आणि डी-लाइनवर आठ-नऊ जण आलटून पालटून जातात, म्हणजे कोच एकेक क्लिप चार-चार वेळा मागे-पुढे करून बघतो. सोमवारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याची तयारी. मंगळवार-बुधवार अंगमेहनतीचा सराव, गुरुवारी उजळणी, शुक्रवारी हलकं चालून घेणं. खेळाडूंना हंगामात आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे. कोचला कसलीच नाही.

तयारी म्हणजे नक्की काय बघायचं, हे कोणी सहसा सांगत नाही. समोरच्या गार्डची जमिनीवरची बोटं बघायची. वजन बोटांवर पडून ती पांढरी पडली की तो पुढे येणार, म्हणजे बहुधा रन (बॉल घेऊन पळणं). हात हलका, बूड खाली, तर तो मागे सरकणार, म्हणजे पास (बॉल फेकणं). सेंटर आवाजाच्या गोंधळात मान हलवून इशारा देतो का, आणि मान हलवल्यावर किती वेळाने बॉल सोडतो? टॅकल पास अडवताना बाहेरचा पाय आधी उचलतो की आतला? असल्या दोन-तीन गोष्टी सापडल्या की आठवडा सार्थकी लागतो. पोरांना त्याहून जास्त सांगूच नये, डोक्यात गर्दी झाली की पाय जड होतात.

हल्ली बॉल फार लवकर सुटतो. रन-पास ऑप्शनमध्ये (पळायचं की फेकायचं हे आयत्या वेळी ठरवण्यात) क्वार्टरबॅक दीड-दोन सेकंदात मोकळा होतो, त्यामुळे सॅकचा (क्वार्टरबॅकला बॉल फेकण्याआधीच पाडण्याचा) आकडा बघून डी-लाइन कोचला मोजणं मला पटत नाही. पण अथलेटिक डिरेक्टर मोजतात, हेही खरं.

आता पायऱ्या. बहुतेकांची सुरुवात ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून होते. कॉलेज पदव्युत्तर शिक्षणाची फी भरतं, वर थोडं विद्यावेतन देतं आणि त्या बदल्यात तुमच्याकडून सगळं करून घेतं: सरावाची कार्डं काढणं, फिल्म कापणं, विमानतळावर पाहुण्यांना घ्यायला जाणं. तुमच्या मुलाला हीच वाट सोयीची, कारण दोन वर्षांत हातात एक मास्टर्स तर पडते आणि कोचिंग नाही जमलं तरी ती वाया जात नाही. त्यानंतर डिव्हिजन टू किंवा थ्रीमध्ये पोझिशन कोच, म्हणजे एकाच जागेच्या खेळाडूंचा कोच. तिथे पगार वर्षाला तीस-चाळीस हजार डॉलर असणं नवल नाही, आणि त्यातही स्ट्रेंथ रूम किंवा युनिफॉर्मच्या धुलाईची जबाबदारी गळ्यात पडते. मग एफसीएस (डिव्हिजन वनची खालची पातळी), मग एफबीएसच्या (तिची वरची पातळी) लहान कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचे गट, जिथे लाख-दीड लाखापर्यंत जाता येतं. एसईसी किंवा बिग टेन या बड्या कॉन्फरन्समध्ये डी-लाइन कोचला पाच-सात लाख मिळतात, आणि अगदी वरच्या मोजक्यांना दहा लाखांच्या पुढे. सरकारी विद्यापीठांचे पगार जाहीर असतात, त्यामुळे हे काही गुपित नाही.

दुसरी वाट मोठ्या कॉलेजात ॲनालिस्ट किंवा क्वालिटी कंट्रोलची. 2024 च्या उन्हाळ्यापर्यंत ही मंडळी मैदानावर एक शब्दही शिकवू शकत नव्हती. त्या वर्षी एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेने तो नियम काढला आणि आता एफबीएसमध्ये ऑफिसात बसणारा ॲनालिस्टही सरावात पोरांचे हात दुरुस्त करू शकतो. बाहेर फिरून भरती करण्याची परवानगी मात्र हेड कोच आणि दहा असिस्टंट एवढ्यांनाच राहिली. हे दहावं पदसुद्धा 2018 चं, त्याआधी नऊच होते. ते वाढल्यावर काही ठिकाणी डी-लाइनचं काम दोघांत वाटलं गेलं. क्लेमसनने टॅकल टॉड बेट्स यांच्याकडे आणि एंड (रांगेच्या टोकाचे) लेमान्स्की हॉल यांच्याकडे दिले. त्यांच्याच हाताखालचे क्लेलिन फेरेल, ख्रिश्चन विल्किन्स आणि डेक्स्टर लॉरेन्स एनएफएल या व्यावसायिक लीगच्या 2019 च्या ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) पहिल्याच फेरीत गेले. एका लाइनमधले तिघे, म्हणजे पुढची काही वर्षं भरतीच्या फोनवर दुसरं काही सांगायलाच नको.

आणि हा फोन फार महत्त्वाचा. तीनशे पाउंडांचा, पण बास्केटबॉल कोर्टवर हलक्या पायांनी धावणारा सतरा वर्षांचा मुलगा देशात फार थोड्या ठिकाणी सापडतो. रिसीव्हर (पास झेलणारे) खूप मिळतात. असली शरीरं नाही मिळत. म्हणून डी-लाइन कोच हिवाळ्यात बास्केटबॉलचे सामने आणि कुस्तीच्या स्पर्धा बघत हिंडतो, वसंतात गोळाफेकीच्या मैदानावर उभा राहतो, आईबापांची उंची डोळ्यांनी मोजतो, पोराचे घोटे आणि हातांची लांबी बघतो. जूनमधली एक दिवसाची शिबिरं मला सगळ्यात भरवशाची वाटतात, कारण तिथे चूक दाखवल्यावर पोरगा पुढच्याच फेरीत ती सुधारतो का, हे समोर दिसतं.

पूर्वी एकदा पोरगा आणला की चार वर्षांची निश्चिंती असे. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले, आणि जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेज स्वतःच खेळाडूंना पैसे देतात, पहिल्या वर्षासाठी प्रत्येक कॉलेजला कमाल सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. सगळ्या खेळांचे मिळून हे पैसे असले तरी बहुतेक ठिकाणी मोठा वाटा फुटबॉललाच जातो. याचा अर्थ डी-लाइन कोच दर वर्षी आपल्याच रूमची नव्याने भरती करतो. ज्याला दोन हंगाम घासूनपुसून तयार केलं तो तिसऱ्या वर्षी दुसरीकडे जास्त पैशांत खेळतो. खेळाडूंना पैसे मिळणं मला योग्यच वाटतं, आधीची व्यवस्था अन्यायाची होती. पण पोरगा हळूहळू घडवण्याचा आनंद ज्याला हवाय त्याने डिव्हिजन टू-थ्रीमध्येच थांबावं, असं मी आता तरुणांना उघड सांगतो.

शाश्वतीबद्दल दोन माणसांची उदाहरणं देतो. लॅरी जॉन्सन यांनी बरीच वर्षं हायस्कूलमध्ये कोचिंग केलं आणि 1996 मध्ये पेन स्टेटला आले. तिथे त्यांच्या हाताखाली कोर्टनी ब्राउन तयार झाला, 2000 च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. 2014 च्या जानेवारीत पेन स्टेटला नवे हेड कोच आले आणि जॉन्सन ओहायो स्टेटला गेले. तिथे जोई बोसा, निक बोसा, चेस यंग. ड्राफ्टमध्ये अनुक्रमे 2016 मध्ये तिसरा, 2019 मध्ये दुसरा, 2020 मध्ये पुन्हा दुसरा क्रमांक. डिसेंबर 2020 मध्ये हेड कोच रायन डे यांना कोविड झाला तेव्हा मिशिगन स्टेटविरुद्ध हेड कोचची सूत्रं त्यांनीच सांभाळली आणि संघ 52-12 ने जिंकला. 2024 च्या हंगामात ओहायो स्टेट विजेते झाले तेव्हा सत्तरी ओलांडलेले जॉन्सन डी-लाइनवरच होते. टेक्सासविरुद्धच्या उपांत्य सामन्यात जॅक सॉयरने क्वार्टरबॅककडून बॉल सोडवून 83 यार्ड पळत नेला, तो त्यांचाच एंड. तुमच्या घरी त्या रात्री आनंद नसेल झाला, पण कोचच्या नजरेने ती क्लिप पुन्हा बघा.

इतकं सगळं मिळवूनही हेड कोच बदलल्यावर जागा बदलावी लागते, हे जॉन्सन यांच्यावरून दिसतं. आमच्या करारात कितीही वर्षं लिहिलेली असली तरी घरातली खोकी पूर्ण उघडायची नाहीत, असं कोचांच्या बायका म्हणतात ते उगाच नाही.

दुसरे एड ऑर्जेरॉन. 1988 ते 1992 मायामीत डी-लाइन कोच, नंतर सिरॅक्यूज, मग यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ). भरतीत त्यांचा हात धरणारे थोडे. 2005 मध्ये मिसिसिपीचे हेड कोच झाले आणि तीन हंगामांत 10 विजय, 25 पराभव घेऊन गेले. पुन्हा डी-लाइन, न्यू ऑर्लिन्स, टेनेसी, यूएससी. 2013 मध्ये तिथेच हंगामी हेड कोच, आठांपैकी सहा जिंकले तरी पद मिळालं नाही. 2015 मध्ये लुइझियाना स्टेटला पुन्हा डी-लाइन कोच, पुढच्या वर्षी हंगामी प्रमुख, मग कायम, आणि 2019 मध्ये पंधरापैकी पंधरा जिंकून राष्ट्रीय विजेतेपद. दोनच वर्षांनी तेही पद गेलं, सोबत सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर देऊन. तुमच्या मुलाच्या नशिबी असले आकडे बहुधा नाहीत, पण वर-खाली होण्याचा क्रम हाच.

डी-लाइन कोच हेड कोच क्वचितच होतात. कोऑर्डिनेटर (पूर्ण संरक्षण आखणारे, हेड कोचच्या आधीची पायरी) बहुधा सेकंडरी (पास अडवणारी मागची फळी) किंवा लाइनबॅकरच्या बाजूने येतात, कारण त्यांना रोज पूर्ण मैदानाचा विचार करावा लागतो, आणि आम्ही चार माणसांत आणि पाच यार्डांत अडकलेले असतो. डॅन क्विन हा अपवाद अभ्यासण्यासारखा आहे. विल्यम अँड मेरी, व्हीएमआय, हॉफ्स्ट्रा अशा लहान ठिकाणी डी-लाइन शिकवत ते एनएफएलमध्ये गेले, मधे फ्लोरिडात डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाले आणि पुढे अटलांटा आणि वॉशिंग्टनचे हेड कोच. मुलाला वर जायचं असेल तर पहिल्या दिवसापासून पास कव्हरेजच्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मागायला सांगा. बहुतेक कोऑर्डिनेटर हो म्हणतात.

एक गोष्ट गंभीरपणे. सगळ्यात जड शरीरं आमच्या हातात असतात आणि ऑगस्टच्या उन्हात तीच आधी कोसळतात. 2018 मध्ये मेरीलँडचा जॉर्डन मॅकनेअर, ऑफेन्सिव्ह लाइनमन, मे महिन्यातल्या व्यायामात उष्माघाताने पडला आणि पंधरा दिवसांनी गेला. त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड केलं गेलं नव्हतं. आधी थंड करायचं, मग रुग्णालयात न्यायचं, हा क्रम प्रत्येक कोचला पाठ हवा. नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर सराव मैदानाजवळ थंड पाण्याचा टब भरून ठेवतात का, हे मुलाने जरूर विचारावं. उत्तर देताना समोरचा अडखळला तर ती जागा घेऊ नये.

आडनावाचं म्हणाल तर भरतीला गेल्यावर लोक एकदा चुकीचं उच्चारतात, दुसऱ्यांदा विचारून घेतात, पुढे ‘कोच’ एवढंच उरतं. खरी अडचण ओळखीची असते. या धंद्यात जागा जाहिरातीतून कमी आणि फोनमधून जास्त भरतात. ज्याचे वडील, काका, हायस्कूलचे कोच या साखळीत आहेत त्याचं नाव आधी पुढे येतं, आणि आपल्या मुलांकडे ती साखळी नसते. पण दार अगदी बंदही नाही. लोरी लोकस्ट महिलांच्या सेमी-प्रो संघांतून खेळून आल्या आणि एनएफएलमधल्या टॅम्पा बे संघाच्या असिस्टंट डी-लाइन कोच म्हणून फेब्रुवारी 2021 मध्ये सुपर बोल जिंकल्या. ओळखी त्यांनी शिबिरांत आणि कोचिंग क्लिनिकमध्ये राबून मिळवल्या.

म्हणून आत्ता करायचं ते असं. त्याच्या सध्याच्या डी-लाइन कोचला त्याने स्पष्ट सांगावं की मला हे काम करायचंय, आणि वसंतातल्या सरावात नवख्या पोरांची एक ड्रिल चालवायला मागावी. जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं, तिथे विद्यार्थी म्हणून जावं. व्याख्यानं ऐकावीत, पण जास्त वेळ हॉटेलच्या लॉबीत काढावा, नोकऱ्या तिथेच बोलल्या जातात. बायोडेटा एका पानाचा. सोबत स्वतः खेळलेल्या हायलाइट्स पाठवू नयेत, त्या कोणी बघत नाही. त्याऐवजी एखाद्या ऑफेन्सिव्ह लाइनचा त्याने स्वतः केलेला दोन पानी अभ्यास पाठवावा: कोण बोटांवर वजन टाकतो, कोणाचा पाय आधी उठतो. जागा बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीत हलतात, त्यामुळे मे महिन्याच्या पदवीची वाट बघत बसला तर उशीर होईल. आणि तुम्हाला एवढंच सांगतो, पहिली दोन-तीन वर्षं आरोग्य विम्याला त्याला तुमच्याच पॉलिसीवर राहू द्या. सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत ते चालतं, आणि त्या विद्यावेतनात स्वतःचा विमा काढणं त्याला परवडणार नाही.